घड्याळ मोठं करा, वार दाखवा: लिनक्सचं पॅनल आपल्या सोयीनं मांडताना

आमचे आण्णा एसटीत कंट्रोलर होते. नोकरीतली बरीच वर्षं सातारा स्टँडवर गाड्या पुकारण्यात आणि फळ्यावर खडूनं वेळा लिहिण्यात गेली. निवृत्तीनंतर माझा जुना लॅपटॉप त्यांच्याकडे गेला. त्यावर विंडोज अक्षरशः रांगत होतं, म्हणून मी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकून दिली. लॅपटॉप पळायला लागला. मला शाबासकीची अपेक्षा होती. चष्मा पुढं-मागं करत ते म्हणाले, "यंत्र झकास झालं रे, पण ह्ये घड्याळ हाय का मुंगी? आन् आज वार कंचा, ते कुठं दिसतंय?"

त्या संध्याकाळी त्यांच्याबरोबर बसून खालची पट्टी मांडून दिली. नंतर शेजारच्या काकूंच्या कॉम्प्युटरवर तेच केलं, मग भाच्याच्या. चौथ्या वेळी सगळं पहिल्यापासून सांगायचा कंटाळा आला, म्हणून लिहून काढतोय. लिनक्स नुकतंच घेतलेल्या माणसासाठी हे आहे. टर्मिनलला, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीला, शेवटची एक जागा सोडली तर हात लावावा लागणार नाही, आणि तिथंही सगळ्यांना नाही.

आधी एक खुलासा. लिनक्सवर डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची पट्टी, मेनू, खिडक्या यांची सगळी मांडणी, एक नसतो, अनेक असतात: सिनॅमन, माटे, ग्नोम, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई. इथं सगळं एक्सएफसीईबद्दल आहे, कारण जुन्या लॅपटॉपवर तेच हलकं पडतं. मिंट 22 सोबत एक्सएफसीईची 4.18 ही आवृत्ती येते आणि मी सांगतोय ती कलमं तिच्यातली आहेत. 4.18 डिसेंबर 2022 मध्ये आली. त्याआधीच्या आवृत्तीत घड्याळाचं कलम थोडं वेगळं होतं, तेव्हा तुमच्याकडं एखादा रकाना दिसला नाही तर घाबरू नका. मेनूतली नावं मी इंग्रजीच ठेवली आहेत, फक्त देवनागरीत लिहिली आहेत, म्हणजे पडद्यावर शोधताना घोटाळा होणार नाही.

गंमत म्हणून सांगतो. ओलिव्हिए फुर्दां या माणसानं 1996 साली एक्सएफसीई सुरू केलं, तेव्हा ते निव्वळ एक पट्टी होतं. बाकीचा डेस्कटॉप नंतर तिच्याभोवती वाढत गेला. तेव्हा या डेस्कटॉपवर पट्टीत फेरफार करायला भरपूर वाव असावा, यात नवल नाही.

पट्टी नव्हे, फळी

पडद्याच्या तळाशी जी पट्टी दिसते तिला पॅनल म्हणतात. डावीकडं मेनूचं बटन, मग दोन-चार चिन्हं, मधे उघडलेल्या खिडक्या, उजवीकडं नेट, आवाज, बॅटरी आणि घड्याळ. नवख्या माणसाला ती एकसंध वस्तू वाटते आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते. खरं तर ती स्वयंपाकघरातली फळी आहे. डबे सुटे आहेत. कुठलाही डबा उचलून दुसरीकडं ठेवता येतो, काढता येतो, तोच डबा दोनदाही ठेवता येतो. मेनू हा एक डबा, घड्याळ हा एक डबा, आणि दोन डब्यांमधली मोकळी जागा, तीसुद्धा एक डबाच. या शेवटच्या गोष्टीकडं पुढं सविस्तर येतो, कारण लोक सगळ्यात जास्त तिथंच अडतात.

हे डबे हलवायचे कसे? ज्या डब्याला हात लावायचा त्यावर उजवी क्लिक करा. वरती त्याचं नाव येतं, खाली प्रॉपर्टीज, मूव्ह, रिमूव्ह, आणि मग पॅनल नावाचा पोटमेनू. त्यात पॅनल प्रेफरन्सेस आहे. तेच आपलं मुख्य ठिकाण.

इथं एक खाच आहे. उघडलेल्या खिडकीच्या बटनावर उजवी क्लिक केली तर पॅनलचा नव्हे, त्या खिडकीचा मेनू येतो: मोठी करा, लहान करा, बंद करा. आण्णा तीनदा तिथंच क्लिक करून "तुझं ते पॅनल-बिनल काय येत नाय" म्हणाले. रिकाम्या जागेवर किंवा सरळ घड्याळावर क्लिक करा, म्हणजे चुकणार नाही.

हात लावायच्या आधी

पॅनल प्रेफरन्सेसच्या खिडकीत खाली बॅकअप अँड रिस्टोअर असं बटन असतं. ते दिसत नसेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये पॅनल प्रोफाइल्स शोधून बसवा, लहानसं आहे. ते उघडून आत्ताची मांडणी एखाद्या नावानं जतन करा. मी "जसं होतं तसं" असं नाव दिलं होतं. पुढं काहीही बिघडलं तरी यादीतून हे नाव निवडायचं आणि अप्लाय म्हणायचं, फळी पूर्ववत.

ही पायरी लोक गाळतात. मीही गाळली होती. पहिल्याच प्रयोगात ज्याच्यात नेटचं चिन्ह असतं तो डबा माझ्या हातून काढला गेला आणि नेट बंद पडलं असं समजून राउटरची पिन काढ-घाल करण्यात अर्धा तास गेला. नेट चालूच होतं, दाखवणारं चिन्ह तेवढं गेलं होतं. ज्या डब्याच्या नावात स्टेटस हा शब्द आहे त्याला हात लावू नका, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

त्याच खिडकीत काही तयार मांडण्याही मिळतात. रेडमंड नावाची मांडणी विंडोजच्या वळणाची आहे. विंडोजची सवय मोडत नसेल तर एकदा लावून बघा. मला त्यात राम वाटला नाही.

पट्टीची उंची आणि जागा

पॅनल प्रेफरन्सेसमध्ये तीन पानं आहेत: डिस्प्ले, अपिअरन्स आणि आयटम्स. वर कोणतं पॅनल निवडलंय ते दिसतं. त्याच्या शेजारी अधिकचं चिन्ह दाबलं तर नवं पॅनल तयार होतं. ते आत्ता नको.

डिस्प्लेमध्ये आपल्या कामाची गोष्ट म्हणजे रो साइझ, पट्टीची जाडी, पिक्सेलमध्ये. ती सरकवताना पट्टी तिथल्या तिथं बदलताना दिसते, वेगळं ओके म्हणावं लागत नाही. मोठ्या माणसांसाठी मी 48 ठेवतो. जुन्या लॅपटॉपचा पडदा बहुतेक 1366 बाय 768 पिक्सेलचा असतो, म्हणजे 48 ची पट्टी उंचीचा सोळावा हिस्सा खाते. चष्म्याच्या नंबराकडं बघता हा सौदा वाईट नाही. तुमची नजर चांगली असेल तर 30-32 पुरे.

मोड या रकान्यात हॉरिझॉन्टल, व्हर्टिकल आणि डेस्कबार असे तीन पर्याय आहेत. पडदा रुंद आणि बुटका असल्यानं पट्टी उभी करून डाव्या काठाला लावली तर वाचायला उंची जास्त मिळते, हे गणितानं बरोबर आहे. पण उभ्या पट्टीत घड्याळाची दाटी होते. नुसत्या व्हर्टिकलमध्ये खिडक्यांची नावंही आडवी पडतात, मान वाकडी करून वाचावी लागतात. उभीच हवी असेल तर डेस्कबार निवडा, त्यात अक्षरं सरळ राहतात.

पट्टी वरच्या काठाला न्यायची असेल तर आधी लॉक पॅनलची खूण काढा. पट्टीच्या दोन्ही टोकांना धरायला जागा दिसू लागते. तिथं धरून ओढा, वर सोडा, आणि आठवणीनं लॉक पॅनल परत लावा. नाही लावलं तर कुणाच्या तरी हातून पट्टी पडद्याच्या मध्यावर येऊन बसते.

ऑटोमॅटिकली हाइड म्हणजे पट्टी आपोआप लपवणं. नेव्हर, इंटेलिजंटली, ऑलवेज असे पर्याय. इंटेलिजंटलीमध्ये एखादी खिडकी पट्टीवर आली की पट्टी लपते, काठाला माऊस नेला की परत येते. तरुण पोरांना हे आवडतं. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या यंत्रावर नेव्हरच ठेवा, नाहीतर रोज फोन येईल की "खालचं सगळं गेलं".

अपिअरन्समध्ये रंग, पारदर्शकता, चिन्हांचा आकार. हे हौसेचं काम आहे, मनाला येईल तसं करा. एकच सांगणं: पट्टी पारदर्शक करून मागं कासच्या फुलांचा फोटो लावलात तर त्या जांभळ्या-पिवळ्या गर्दीत पांढरे आकडे दिसेनासे होतात. सॉलिड कलर निवडून गडद रंग द्या.

मोकळी जागाही ठेवावी लागते

आता ती अडण्याची जागा. आयटम्सच्या पानावर पट्टीवरचे सगळे डबे डावीकडून उजवीकडं जसे आहेत तसे वरून खाली यादीत दिसतात. यादीतलं नाव निवडून बाजूच्या बाणांनी वर-खाली केलं की पट्टीवर तो डबा डावी-उजवीकडं सरकतो. इथवर सोपं.

मग कुणीतरी घड्याळ यादीत सगळ्यात खाली नेतो आणि बघतो, तर ते उजव्या कोपऱ्यात न जाता मेनूच्या जवळच, सगळ्यांना चिकटून उभं. "मी तर शेवटी ठेवलंय, मग हे असं का?" शेवटी ठेवलंय हे खरं, पण मधली जागा कुणी धरलीच नाही.

स्टँडवर गाडी लागली की आपण काय करतो? खिडकीतून रुमाल टाकतो. माणूस अजून चढायचाय, पण जागा धरली गेली. पॅनलवर रुमालाचं काम करतो तो सेपरेटर नावाचा डबा. आयटम्समध्ये अधिकचं चिन्ह दाबा, यादीतून सेपरेटर निवडा, अॅड म्हणा. तो बाणांनी खिडक्यांच्या बटनांच्या खाली आणि स्टेटसच्या वर आणा. मग त्यावर दोनदा क्लिक करा. लहानशी खिडकी उघडेल, त्यात स्टाइल ट्रान्सपरंट करा आणि एक्स्पांड या चौकटीत खूण करा.

ती खूण केल्याबरोबर सेपरेटर उरलेली सगळी जागा ताणून घेतो आणि त्याच्या पलीकडचं सगळं उजव्या टोकाला जातं. पारदर्शक असल्यानं तो स्वतः दिसत नाही.

मिंटमध्ये असा एक सेपरेटर आधीपासूनच असतो. बहुतेक वेळा लोकांनी तो "हे रिकामं काय आहे" म्हणून काढून टाकलेला असतो.

घड्याळ बरोबर मधोमध हवं असेल, तर एक्स्पांड केलेले दोन सेपरेटर घ्या, एक घड्याळाच्या डावीकडं, एक उजवीकडं. दोघं उरलेली जागा निम्मी-निम्मी वाटून घेतात. दोन्ही बाजूंना डबे कमी-जास्त असतील तर घड्याळ थोडं कलेल, ते चालवून घ्या. जिथं नुसतं बोटभर अंतर हवं, तिथं एक्स्पांड न करता साधा सेपरेटर ठेवा.

पट्टीवर नेहमीचं काही लावायचं असेल, ब्राउझर, भजनांचं फोल्डर वाजवणारा प्लेअर, तर त्यासाठी या यादीत यायचीही गरज नाही. मेनूत त्या नावावर उजवी क्लिक करून अॅड टू पॅनल म्हणा.

आता घड्याळ

घड्याळावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज. लेआउट या रकान्यात पाच प्रकार मिळतात. अॅनलॉग म्हणजे काट्यांचं, पण पट्टीवर ते इतकं बारीक होतं की काट्यांना अर्थ राहत नाही. बायनरी म्हणजे ठिपक्यांचं, ते वाचता येणाऱ्यांसाठीच. एलसीडी म्हणजे हातातल्या जुन्या घड्याळासारखे आकडे. फझी मला मनापासून आवडलं: ते नेमकी मिनिटं न सांगता पाच किंवा पंधरा मिनिटांच्या अंदाजानं शब्दांत वेळ सांगतं. सव्वा, साडे, पावणे म्हणणारी आपली माणसं, आपण जन्मभर तसंच घड्याळ वाचतो. पण रोजच्या वापराला डिजिटलच घ्या.

डिजिटल निवडलं की खाली आणखी एक निवड येते: नुसती तारीख, नुसती वेळ, आधी तारीख मग वेळ, किंवा उलट. दोन्ही निवडलं तर ती एकाखाली एक दोन ओळींत दिसतात. प्रत्येक ओळीचा फॉन्ट वेगळा ठरवता येतो. आण्णांच्या यंत्रावर वेळ ठळक 16 आणि तारीख 10 ठेवली. 48 पिक्सेलच्या पट्टीत दोन्ही ओळी नीट मावतात. पट्टी 30 ची असेल तर एकाच ओळीवर समाधान माना.

फॉन्टच्या शेजारी फॉरमॅट. तयार नमुन्यांत काम भागलं तर उत्तम, नाहीतर यादीच्या तळाशी कस्टम फॉरमॅट आहे, त्यात आपण स्वतः लिहायचं. पहिल्यांदा बघताना तिथं टक्क्यांच्या खुणा आणि सुटी अक्षरं दिसतात आणि माणूस खिडकी बंद करतो. करू नका. हिशेब साधा आहे. टक्क्याची खूण आणि तिला चिकटून एक इंग्रजी अक्षर, या जोडीच्या जागी घड्याळ खरी माहिती भरतं. बाकी जे लिहाल ते जसंच्या तसं उमटतं. मी खाली अक्षरांची नावं लिहितोय, तुम्ही तिथं इंग्रजी अक्षर टाइप करा:

% कॅपिटल एच: तास, 24 तासांच्या हिशेबात
% कॅपिटल आय: तास, 12 तासांच्या हिशेबात
% कॅपिटल एम: मिनिटं
% स्मॉल पी: सकाळ-दुपारची खूण, म्हणजे एएम किंवा पीएम
% कॅपिटल ए: वाराचं पूर्ण नाव, आणि स्मॉल ए लिहिलं तर आखूड नाव
% स्मॉल डी: तारीख
% कॅपिटल बी: महिन्याचं नाव, स्मॉल बी लिहिलं तर आखूड
% स्मॉल एम: महिन्याचा आकडा
% कॅपिटल वाय: चार आकडी वर्ष

टक्का आणि अक्षर यांच्यामध्ये जागा सोडायची नाही, मी इथं वाचायला सोपं जावं म्हणून सोडली आहे. दोन जोड्यांच्या मधे मात्र जागा, स्वल्पविराम, विसर्ग, हवं ते घाला.

कॅपिटल आणि स्मॉल एमची अदलाबदल ही चूक प्रत्येकाकडून एकदा होतेच. मिनिटांच्या जागी स्मॉल एम पडला की जूनमध्ये घड्याळ 10:06 दाखवतं आणि तासभर तिथंच थांबतं, मग 11:06. शेजारच्या काकूंना वाटलं घड्याळाला सेल घालायचा असतो.

कॅपिटल डी पासून लांब राहा. तो आख्खी तारीख देतो खरा, पण अमेरिकी पद्धतीनं, आधी महिना मग दिवस. 5 ऑगस्ट आणि 8 मे यांचा गोंधळ घरात कुणाला नको असतो.

आण्णांना 24 तासांचंच घड्याळ हवं होतं. एसटीचं वेळापत्रक तसंच असतं, त्यांच्या डोक्यात संध्याकाळी साडेसहा म्हणजे 18:30. त्यामुळं वेळेच्या ओळीत कॅपिटल एच, विसर्गासारखे दोन ठिपके, कॅपिटल एम. तारखेच्या ओळीत कॅपिटल ए, स्वल्पविराम, स्मॉल डी, कॅपिटल बी. झालं. आईला 12 तासांचं लागतं, तिच्या खात्यावर कॅपिटल आय आणि स्मॉल पी. मिंटमध्ये प्रत्येकाचं वेगळं खातं केलं की पॅनलही ज्याचं त्याचं राहतं, भांडण मिटतं.

सेकंद दाखवू नका असं माझं मत. कॅपिटल एस लिहून दाखवता येतात, पण डोळ्यांच्या कोपऱ्यात सतत काहीतरी हलत राहतं आणि वाचनात लक्ष लागत नाही.

टूलटिप फॉरमॅट म्हणूनही एक रकाना आहे. घड्याळावर माऊस नेऊन थांबलं की जे दिसतं ते तिथं ठरतं. पट्टीवर नुसती वेळ ठेवायची असेल तर पूर्ण तारीख या टूलटिपमध्ये टाका. आणि घड्याळावर साधी क्लिक केली की महिन्याचं कॅलेंडर उघडतं.

वार मराठीत

साताऱ्यात वारांची कमी नाही. सोमवार पेठ, मंगळवार पेठ, शनिवार पेठ, रविवार पेठ, गावभर पाट्या आहेत. मग घड्याळात थर्सडे कशाला?

वारांची आणि महिन्यांची नावं घड्याळ स्वतः ठरवत नाही, ती यंत्राच्या प्रदेश-निवडीवरून येतात. मेनूत लँग्वेजेस शोधा. तिथं भाषा आणि प्रदेश असे वेगळे रकाने असतात, नव्या आवृत्त्यांत वेळेच्या मांडणीसाठी आणखी एक. यादीत मराठी नसेल तर इन्स्टॉल ऑर रिमूव्ह लँग्वेजेसमधून ती आधी आणावी लागते, पासवर्ड विचारला जाईल. मग भाषा इंग्रजीच ठेवून वेळेच्या रकान्यात मराठी, भारत निवडा. तो रकाना नसेल तर प्रदेशात निवडा. लॉग आउट करून परत या. घड्याळात गुरुवार, ऑगस्ट असं दिसायला लागेल. आकडे इंग्रजीच राहतील.

भाषाही मराठी करावी का? करून बघा, पण एक्सएफसीईचे सगळे मेनू मराठीत आलेले नाहीत, त्यामुळं अर्धं मराठी अर्धं इंग्रजी अशी खिचडी होते. शिवाय अडचण आली आणि फोनवर कुणाला विचारायचं झालं, तर समोरच्याच्या पडद्यावरची नावं वेगळी. मी भाषा इंग्रजी ठेवतो.

फॉरमॅटच्या रकान्यात मराठी शब्दही सरळ लिहिता येतात. तारखेच्या ओळीच्या सुरुवातीला "आज" लिहून पुढं वाराची जोडी टाकली, तर पट्टीवर "आज गुरुवार" असं उमटतं. आण्णा यावर खूश.

दुसरं घड्याळ, परगावच्या माणसासाठी

माझा भाचा बर्लिनला असतो. त्याला फोन करायच्या आधी आई बोटांवर मोजायची, आणि वर्षातून दोनदा हमखास चुकायची. चूक तिची नव्हती. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतं आणि हिवाळ्यात साडेचार तास. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ तासानं पुढं-मागं करतात.

एकच डबा दोनदा ठेवता येतो म्हटलं ते इथं उपयोगी पडतं. आयटम्समध्ये जाऊन आणखी एक क्लॉक घ्या, प्रॉपर्टीजमध्ये टाइमझोनच्या रकान्यात इंग्रजीत युरोप, तिरकी रेघ, बर्लिन असं टाइप करा. टाइप करता करता यादी सुचवली जाते. फॉरमॅटमध्ये आधी भाच्याचं नाव मराठीत, मग तास-मिनिटं. नाव नसेल तर दोन घड्याळांत कुठलं आपलं ते कळत नाही, आणि दुधवाल्याचा हिशेब बर्लिनच्या वेळेनं व्हायचा. तासाचा तो फरक यंत्र स्वतःच सांभाळतं.

आपल्या स्वतःच्या घड्याळाचा टाइमझोन रकाना रिकामाच ठेवा, मग ते यंत्राची वेळ घेतं. यंत्राची वेळ ठरवताना बरेच जण यादीत मुंबई किंवा दिल्ली शोधत बसतात. भारतासाठी एशिया/कोलकाता एवढं एकच नाव आहे, तेच निवडा. त्यानं कोलकात्याची वेळ लागत नाही, साऱ्या देशाची लागते. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावरून, म्हणजे मिर्झापूरच्या आसपासच्या सूर्यावरून ठरलेली आहे. सातारा साधारण 74 अंशांवर. एका अंशाला 4 मिनिटं धरली तर आपला सूर्य 34 मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. अजिंक्यताऱ्यावर उभं राहून सावली बघितली तर सरासरी साडेबारा वाजून गेल्यावर ती सगळ्यात आखूड होते. घड्याळ चुकलेलं नसतं.

पट्टी गायब झाली तर

होतं कधी कधी. मेनू नाही, घड्याळ नाही, नुसता वॉलपेपर. ऑल्ट दाबून एफ2 दाबा. लहानशी चौकट येईल. त्यात इंग्रजीत एक्सएफसीई, लगेच 4 हा आकडा, मग आडवी रेघ, मग पॅनल, सगळं स्मॉल अक्षरांत आणि मधे जागा न सोडता लिहून एंटर करा. पट्टी परत येते.

पुढच्या वेळी चालू केल्यावर पुन्हा गायब असेल तर बिनपट्टीची अवस्था यंत्रानं जतन केली आहे. वरच्या पद्धतीनं पट्टी आणा, लॉग आउट म्हणा, आणि त्या खिडकीतल्या सेव्ह सेशन या चौकटीत एकदाच खूण करून बाहेर पडा. एरवी ती खूण नसलेलीच बरी.

वेळच चुकीची असेल तर

घड्याळ देखणं झालं, पण आकडाच चुकीचा, तर पॅनलमध्ये काही शोधू नका. मेनूत टाइम हा शब्द टाइप करून तारीख-वेळेचं कलम उघडा. एशिया/कोलकाता आहे का आणि नेटवरून वेळ घेणं चालू आहे का, एवढं बघा.

एशिया/कोलकाता असूनही बरोबर साडेपाच तासांचा फरक असेल तर यंत्रावर बहुतेक विंडोजही आहे. आतल्या चिपमधली वेळ विंडोज भारतीय समजतं, लिनक्स ती ग्रीनिचची समजून वर साडेपाच तास मिळवतं. दोघांना एकाच भाषेत बोलायला लावणं हाच इलाज. लिनक्सला समजावायचं तर टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल सलग, एक जागा, सेट-लोकल-आरटीसी, एक जागा, आणि 1 हा आकडा. सगळं इंग्रजी स्मॉल अक्षरांत, आडव्या रेघा धरून. लिनक्सला हा प्रकार फारसा पसंत नाही आणि ते तशी तंबीही देतं, पण चालतं.

यंत्र बंद करून चालू केलं की दर वेळी तारीख कित्येक वर्षं मागं जात असेल, तर मदरबोर्डवरचा सेल संपला. गोल, नाण्याएवढा, बहुतेक यंत्रांत सीआर2032 नावाचा, 3 व्होल्टचा. डेस्कटॉपमध्ये तो स्वतः बदलता येतो, लॅपटॉप मात्र दुरुस्तीवाल्याकडून उघडून घ्या. याचं पहिलं लक्षण गमतीशीर असतं: वेबसाइट उघडत नाहीत, सुरक्षित नाही असा इशारा येतो. साइटच्या सुरक्षा-प्रमाणपत्राला मुदत असते आणि जुन्या तारखेत अडकलेल्या यंत्राच्या लेखी ते अजून जन्मालाच आलेलं नसतं. मी वापरलेला एक संगणक घेतला तेव्हा असंच झालं. विकणारा म्हणाला नेट खराब आहे. सेल घातला, सगळ्या साइट उघडल्या.

इतर डेस्कटॉपवाल्यांसाठी थोडक्यात. सिनॅमनमध्ये पॅनलवर उजवी क्लिक करून पॅनल एडिट मोड चालू केला की डबे ओढता येतात, आणि घड्याळाच्या कॉन्फिगरमध्ये कस्टम डेट फॉरमॅट आहे, तिथं याच टक्क्यांच्या जोड्या चालतात. प्लाझ्मातही एडिट मोड आहे. ग्नोममध्ये वरची पट्टी जवळपास ठरलेलीच, हलवाहलवीला एक्स्टेन्शन लागतात.

सगळं मांडून झाल्यावर आण्णांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट दाखवलं. आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ पहिल्यापासून पाच मिनिटं पुढं असतं, गाडी चुकू नये म्हणून. "ह्येबी पाच मिनिटं पुढं कर की." मी त्यांना सांगितलं, नेटवरून वेळ घेणं चालू आहे तोवर ते आपलं आपण मागं येणार. आणि ते बंद करून वेळ पुढं केली, तर नव्या फाइलींवरची वेळ चुकत राहील. मग "आज गुरुवार"च्या मागं "पाच मिनिटं लवकर निघा" असं लिहून दिलं. ते अजून पट्टीवर आहे.